दिवाळी अंकांचे तीस खंड आणि कृष्णाजीराव

आमच्या वाचनालयात स्वयंसेवक व्हायचं तर एक पानाचा अर्ज भरावा लागतो. त्यात ‘विशेष कौशल्य’ या शब्दांपुढे दोन इंच जागा असते. लोक तिथे ‘टायपिंग’ किंवा ‘चित्रकला’ लिहितात, फारच प्रामाणिक असले तर ‘काही नाही’. कृष्णाजीरावांनी तिथे ‘सोबत जोडले आहे’ असं लिहून साडेतीन पानं जोडली होती. त्यातला हा उतारा:

“मी जन्मजात गुप्तहेर आहे. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी नट-बोल्ट तपासले. त्या काळात एकही वाकडा बोल्ट माझ्या नजरेतून सुटला नाही आणि काही सरळ बोल्टही सुटले नाहीत. माणूस दारातून आत येईपर्यंत मी त्याचं गाव, धंदा आणि सकाळचा नाश्ता ओळखतो. नाश्त्याच्या बाबतीत माझं उत्तर ‘इडली’ असतं आणि ते बहुधा बरोबर येतं. अशा माणसाची वाचनालयाला किती गरज आहे, हे वाचनालयाला अद्याप कळलेलं नाही.”

ग्रंथपाल महानंदाअक्कांनी साडेतीन पानं शांतपणे वाचली आणि कृष्णाजीरावांना नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचं काम दिलं. मला त्यांची सहायक नेमलं, कारण अर्जांच्या गठ्ठ्यात माझा अर्ज त्यांच्या अर्जाखाली होता. मी देवश्री. राहते मारतहळ्ळीला. आठवड्याचे पाच दिवस बेळ्ळंदूरच्या ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते आणि शनिवार-रविवार वाचनालयात येते. चुका टिपून ठेवायची सवय सुटीच्या दिवशी बंद होत नाही, म्हणून पुढची हकिगत तपशीलवार सांगता येते आहे.

दसरा सोमवारी होता. त्याआधीच्या शनिवारी अक्कांनी मला वाचनालयातल्या एकमेव मराठी कपाटापाशी बोलावलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“खालचे दोन कप्पे बघ.”

बघितले. रिकामे. तिथे दिवाळी अंकांचे तीस खंड असायचे. एकेका वर्षाचे अंक एकत्र बांधून, लाल कापडी पुठ्ठ्यात घातलेले, सगळे एका मापाचे. चंद्राबाईंच्या यजमानांनी हौसेने बांधून घेतले होते. ते गेल्यावर चंद्राबाई मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, तिथे जागा नव्हती, म्हणून त्यांनी तीसच्या तीस खंड वाचनालयाला दिले. देताना एवढंच म्हणाल्या होत्या, “जपा.”

“मंगळवारी दहा वाजता मोजदाद करायला वरच्या ऑफिसातल्या पद्मावतीमॅडम येणार,” अक्का म्हणाल्या. “पाचापेक्षा जास्त पुस्तकं कमी भरली तर कपाट बंद. पुस्तकं गोदामात आणि इथे स्पर्धा परीक्षांची गाइडं. अकरा वर्षं लागली गं मला हे एक कपाट उभं करायला. आणि चंद्राबाईंना मी काय तोंड दाखवू?”

“बोर्डावर लिहून लावू या ना,” मी म्हटलं. “तीस खंड सापडत नाहीत, कुणी पाहिले का?”

“अय्यो! नको!” मागून आवाज आला. कृष्णाजीराव शिक्का हातात घेऊनच उभे होते. “बोर्डावर लिहिलं की चोर सावध. काय हरवलं ते एकाही माणसाला कळता कामा नये. आपण तिघंच. तपास मी करतो. सोमवार संध्याकाळपर्यंत चोर तुमच्या टेबलासमोर. अष्टे!”

अष्टे म्हणजे ‘एवढंच’. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं, तेव्हापासून त्यांच्या मराठीचं शेवटचं बटण कानडी असतं. अक्का घाबरलेल्या होत्या. घाबरलेलं माणूस ठाम बोलणाऱ्याचं ऐकतं. त्यांनी मान हलवली आणि आम्ही तीन दिवस गमावले.

कृष्णाजीराव कप्प्यासमोर गुडघ्यांवर बसले. खिशातून कारखान्यातली मोजपट्टी काढून त्यांनी धुळीतला चौकोन मोजला.

“चोर एकटा. उजवा खांदा खाली झुकलेला.”

“कशावरून?”

“जाड पुस्तकं उचलून उचलून. तीस खंड म्हणजे थट्टा आहे काय?”

झुकलेल्या उजव्या खांद्याचा एकच माणूस वाचनालयात रोज यायचा. भीमाचार्य. वय सत्तर, बगलेत फुगलेली कापडी पिशवी, बसायची जागा पंख्याखाली. कृष्णाजीराव वर्तमानपत्र उलटं धरून त्यांच्यासमोर दीड तास बसले. शेवटी म्हणाले, “आचार्य, पिशवीत काय ते कळलं तर बरं होईल.”

“तुम्हाला कशाला?”

“ते सांगता येत नाही.”

“मग मलाही सांगता येत नाही.”

कृष्णाजीराव पिशवीवरची नजर काढेनात. मग आचार्यांनी चिडून पिशवी टेबलावर उलटी केली. एक उशी. एक शाल. कानात घालायचा कापूस.

“घरी नातवंडं झोपू देत नाहीत,” ते म्हणाले. “आता सगळ्या गावाला सांगा.”

त्या दिवसापासून आचार्य आमच्याकडे पाठ करून झोपतात.

रविवारी दुसरा सिद्धांत आला. खंड रद्दीतून चुरमुरीवाल्याकडे गेले असणार. चुरमुरी म्हणजे इथली भेळ, कागदाच्या पुड्यात मिळते. कृष्णाजीरावांनी बाहेरच्या गाडीवर सहा पुडे घेतले. मी म्हटलं, नुसता कागद मागितला तरी देईल तो. तर म्हणाले, “नुसता कागद मागणारा माणूस संशयास्पद दिसतो.” पाच पुडे त्यांनी स्वतः संपवले, एक मला दिला. कागद निघाले ते सातवीच्या गणिताचे, कानडीतले. कृष्णाजीरावांनी पुराव्यातलं एक उदाहरण सोडवून पाहिलं. तेही चुकलं.

तिसरा सिद्धांत वाळवीचा. चौथा, कुणीतरी मुंबईहून येऊन खंड नेले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. मुंबईच का, विचारलं तर म्हणाले, “पुण्याचा असता तर दोनतीन खंड जागेवर ठेवून त्यातले दोष सांगणारी चिठ्ठी सोडून गेला असता.”

सोमवारी सकाळी त्यांनी अनुषाला चौकशीला बोलावलं. अनुषा आमच्यातली सगळ्यात उत्साही स्वयंसेविका, बेळगावकडची, इथे कॉलेजात शिकते. दारासमोरच्या टेबलावर दसऱ्याच्या बाहुल्या तिनेच मांडल्या होत्या. नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची इथली पद्धत. वाचनालयात हे पहिलंच वर्ष. पांढऱ्या कापडाच्या तीन पायऱ्या, सगळ्यात वर लाकडी राजा-राणी. त्या पायऱ्यांसमोर उभं राहून कृष्णाजीरावांनी आठ दिवस आठ प्रकारच्या उसळींचा प्रसाद खाल्ला होता.

“गेल्या पंधरवड्यात या दारातून कुणी काही जड बाहेर नेताना दिसलं?” त्यांनी विचारलं.

“काय जड ओ, अंकल?”

“ते गुप्त आहे.”

“नाही ओ. जड काय बाहेर गेलं नाही.”

“सरी, ठीक आहे. जा.” मग माझ्याकडे वळून हळूच, “मुलगी प्रामाणिक आहे. हिला काही माहीत नाही.”

पहिलं वाक्य खरं होतं.

सोमवारी संध्याकाळी आरतीला पंधरावीस बायका जमल्या. अक्का कोपऱ्यात उभ्या होत्या, टाळ्याही वाजवत नव्हत्या. तेवढ्यात चंद्राबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, दोन बस बदलून आलेल्या. अक्का चटकन कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पण चंद्राबाई कपाटाकडे गेल्याच नाहीत. राजा-राणीला हळदकुंकू लावून त्यांनी, बाहुल्या मांडणारी कुठलीही बाई दुसऱ्याच्या घरी विचारते तोच प्रश्न विचारला.

“मांडणी छान आहे गं. पायऱ्या कशाच्या केल्या?”

आठ दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. येणाऱ्या बायका दारातून नमस्कार करून घाईने पुढे जात होत्या आणि रोज समोर उभे राहणाऱ्या कृष्णाजीरावांचं लक्ष द्रोणात होतं. उत्तराची वाट न बघता चंद्राबाईंनी कापडाचं टोक दोन बोटांनी वर केलं.

लाल कापडी पुठ्ठे. पुढच्या पायरीत पाच, मधल्या पायरीत दहा, मागच्या पायरीत पंधरा.

“अगं बाई,” चंद्राबाई म्हणाल्या, “हे तर आमच्या घरचे.”

अक्का खुर्चीवर बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मी टिपलं नाही.

“अनुषा!” मी ओरडले. “हे खंड तू इथे लावलेस?”

“हो की. खोकी आणलेली मी पहिलं. अंकलनी एकेक खोकं अंगठ्यानं दाबून बघितलं आणि रिजेक्ट केलं.” ती कृष्णाजीरावांकडे वळली. “एका मापाचं, चौकोनी, घट्ट कायतरी आण म्हणून तुम्हीच सांगितलासा की ओ! आणलं तर कापडावरूनच हात फिरवून पास पण केलासा.”

सगळे कृष्णाजीरावांकडे बघू लागले. त्यांनी मोजपट्टी उघडली, मिटली आणि खिशात ठेवली.

“स्वल्प काम आहे घरी,” म्हणाले आणि गेले.

खंड सापडले, पण कपाटात जाईनात. दसऱ्याच्या रात्री राजा-राणीला आडवं करून निजवतात, ते झालं होतं आणि बाकीची मांडणी दुसऱ्या दिवशीच्या आरतीनंतर उतरवायची असते. त्याआधी हात लावायला एकही बाई तयार नव्हती. त्यात चंद्राबाई सगळ्यात पुढे.

“तीस वर्षं माझ्या घरात होते ते,” त्या म्हणाल्या. “एक रात्र देवापुढे बसू देत.”

मी मंगळवारची रजा टाकली. मांडणी उतरवायला चंद्राबाईही पुन्हा दोन बस बदलून आल्या. पद्मावतीमॅडम बरोबर दहाला आल्या. कोरा चेहरा, कानावर पेन. अक्कांनी त्यांना सरळ बाहुल्यांसमोर नेलं आणि कापड वर केलं. मॅडमनी चप्पल काढली, नमस्कार केला आणि मोबाइलचा दिवा लावून खंडांच्या पाठीवरचे नंबर एकेक करून वाचले. तीस. सगळे बरोबर.

“मोजदाद पूर्ण,” मॅडम म्हणाल्या. “कपाट राहील.”

अक्कांनी श्वास सोडला. तो पूर्ण सुटायच्या आत मॅडमनी नवा कागद काढला.

“पण नोंदीतली पुस्तकं परवानगीशिवाय कपाटातून कुणी हलवली? ग्रंथपालांनी? मग तसा शेरा त्यांच्या नावावर जाईल.”

अनुषाचा रंग उडाला. ती पुढे यायला लागली. अक्का तिला हाताने मागे सारून म्हणाल्या, “जबाबदारी माझी...”

“थांबा!”

दारात कृष्णाजीराव उभे होते. अंगात इस्त्रीचा कोट, जो मी फक्त त्यांच्या अर्जावरच्या फोटोत पाहिला होता.

“गुन्हेगार पकडला आहे मॅडम. रात्रभर त्याची उलटतपासणी घेतली. पहाटे चार वाजता त्याने कबूल केलं.”

“कोण?”

“मी.” त्यांनी छाती पुढे काढली. “ही मुलगी फक्त हुकुमाची ताबेदार. अक्कांना तर काहीच माहीत नव्हतं. माल मी पास केला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, कुठून आला ते न विचारता.”

मॅडमनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “स्वयंसेवकाच्या नावावर शेरा मारता येत नाही.”

“मग कबुलीजबाब घ्या. दोन प्रतींत आणलाय.”

मॅडमनी एक प्रत फाइलला लावली आणि शेऱ्याचा कागद परत ठेवून दिला. मला वाटलं, त्यांच्या ओठांचं टोक किंचित हललं. शिक्षा म्हणून त्यांनी एवढंच सांगितलं, की तीसही खंडांतल्या प्रत्येक लेखाची यादी कृष्णाजीरावांनी स्वतः करायची, चंद्राबाईंच्या शेजारी बसून, त्या सांगतील तशी. चंद्राबाईंनी लगेच खुर्ची ओढली.

कृष्णाजीरावांनी दुसरी प्रत माझ्यापुढे सरकवली.

“साक्षीदार म्हणून सही कर. आणि आरोपीने तपासात पूर्ण सहकार्य केलं, तेही खाली लिही.”

मी सही केली. सहकार्याचं मात्र लिहिलं नाही. शनिवारपासून सोमवारपर्यंत आरोपीने तपासात फार अडथळे आणले होते.