कलिंगडाचा हुंदका

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहान आहे, पण उठताना मन हलकं झालं नाही तर खुशाल माझा कान धरा.

एक होता घुम्या. खरं नाव त्याची आई काय ती घ्यायची. हा गाणारा आणि त्याचा मित्र ड्रम वाजवणारा, अशी जोडी. दोघांचे काळे कपडे, डोळ्यांवर केस आणि गाणी इमो म्हणतात त्या धाटणीची, म्हणजे ऐकणाऱ्याने रुमाल घेऊनच बसावं. चाहते भरपूर. पण घुम्याच्या जिवाला एक घोर होता. दूर राहणारी आई त्याच्या गाण्यांची प्रत्येक तबकडी मागवून घ्यायची आणि कशी वाटली ते कधीच बोलायची नाही. आपलं रडणं ऐकून ती माउली झुरत असणार, हे त्याने मनाशी धरूनच ठेवलं होतं.

म्हणून उन्हाळा लागताच त्याने आईसाठी एक हसरी तबकडी काढली. चारच गाणी, ऊन, तलाव, सुट्टी आणि कलिंगड यांची. त्यांच्या मोठ्या रडक्या तबकड्या यंत्रावर मंद फिरायच्या; ही छोटी जलद फिरवायची होती. ड्रमवाला मात्र काटकसरी. मागच्या तबकडीच्या उरलेल्या काळ्या चिठ्ठ्या त्याने हिच्यावर डकवल्या. त्यांवर ठळक छापलेलं होतं, 'मंद गतीने वाजवा'.

वर्तमानपत्रातला समीक्षक शिस्तीचा माणूस. वाचलं तसं वाजवलं. कलिंगड अंत्ययात्रेच्या चालीने निघालं. त्याने भरल्या डोळ्यांनी लिहिलं, 'कलिंगड चिरताना असा हुंदका आजवर कोणी दिला नव्हता. या जोडीने दुःखाचा तळ गाठला आहे.'

घुम्याने कपाळाला हात लावला. "चिठ्ठ्या बघितल्या नाहीस?"

"बघितल्या ना," ड्रमवाला म्हणाला. "आपल्या कपड्यांना जुळत होत्या."

शिवाय कौतुक झालंय तर उकरून कशाला काढायचं, असं त्याचं म्हणणं पडलं. पण तेच वर्तमानपत्र आईकडेही यायचं. मिळेल ती गाडी धरून घुम्याने आईचं घर गाठलं.

आई अंगणात कपडे वाळत घालत होती. खिडकीतून घुम्याचंच सगळ्यांत रडकं गाणं टुणटुण उड्या मारत, लहान पोराच्या आवाजात बाहेर येत होतं, आणि आईचा पाय ताल धरत होता. घुम्याने आत जाऊन पाहिलं. यंत्राचं बटण 'जलद'वर रुतून बसलेलं.

"हात नको लावूस त्याला," आई बाहेरून म्हणाली. "घेतलं तेव्हापासून तसंच आहे. ओढलंस तर तुटेल."

त्याने नवी तबकडी लावली. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या घरात त्याचं गाणं, गायलं होतं तसंच वाजलं. आई हातात चिमटा धरून ऐकत राहिली.

"बरं आहे," ती म्हणाली.

"पण?"

"पेपरात लिहिलंय ते खरंय रे. जरा उदासच वाटतं. आवाजही घोगरा लागलाय, सर्दी झालीय का तुला? तुझी आधीची गाणी कशी, ऐकली की कामं भराभर उरकतात. आता सांगायचं काय त्यात, म्हणून बोलले नाही कधी."

घुम्या कितीतरी वर्षांनी पोट धरून हसला. मग त्याने ड्रमवाल्याला फोन लावला. काळे कपडे धुऊन तयार ठेव म्हणाला, पुढच्या तबकडीत मनसोक्त रडायचंय.

"का रे, आई रागावली?"

"नाही. तिला आनंदाची गाणी हवीत."

तर मंडळी, देवाने ज्याचं बटण 'जलद'वरच बसवून दिलंय असं कोणी तुमच्या घरात असेल, तर दुरुस्तीला जाऊ नका. आणि उन्हात कपडे वाळत घालताना त्या माउलीची एकदा आठवण काढा.