रूळही वर, पूलही वर

चाचणीच्या दिवशी सकाळी मिलिमीटर आरशासमोर उभा राहून शर्टाची कॉलर डावी-उजवी सारखी आहे का ते पाहत होता. पूल-विभागात त्याला याच नावाने ओळखत. लोहमार्गावरून जाणारा रस्त्याचा जुना पूल, एकावर एक दोन कंटेनर ठेवलेल्या उंच मालगाडीसाठी वीस सेंटिमीटरने ठेंगणा होता. मिलिमीटरने जॅक लावून तो तीस सेंटिमीटर उचलला. म्हणजे हुकमाप्रमाणे वर दहाची ऐसपैस जागा. आज गाडी सुखरूप गेली, की या मार्गावरच्या सगळ्या पुलांचं काम त्याच्या हाती येणार होतं.

बायकोने चहा ठेवला, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय गं?"

"काही नाही. भावाचा निरोप होता. पण सात दिवस तुमचे निरोप इकडून तिकडे न्यायचे नाहीत, असा नेम केलाय मी. आज सहावा."

"मग नको सांगूस. त्याचं काय महत्त्वाचं असणार?"

भाऊ म्हणजे मिलिमीटरचा मेहुणा, रूळ-विभागात त्याच्याच हुद्द्यावर. महिन्यापूर्वी मिलिमीटरने भिंतीवर ठोकलेल्या फळीवर त्याने भर पाहुण्यांत पाणसळ ठेवून ती वाकडी असल्याचं सिद्ध केलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, आणि बायको बिचारी टपालखातं झाली.

दहा वाजता गाडी आली. पुढच्या वाघिणीवर दोन कंटेनरच्या उंचीचा लाकडी सांगाडा बसवलेला होता. दोन्ही विभागांच्या मोठ्या मॅडम रुळांच्या कडेला उभ्या होत्या, त्यांच्या पलीकडे मेहुणा. ड्रायव्हरने गाडी मुंगीच्या पावलाने पुढे घेतली, आणि सांगाडा पुलाखाली शिरता शिरता कर्रर्र करून अडकला.



"पूल उचललाय ना?" मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"तीस सेंटिमीटर, मॅडम. तीनदा मोजलंय."

"केव्हा?"

"गेल्या आठवड्यात."

"मग आठवड्यात गाडी वाढली का?"

त्याने पुन्हा टेप लावली. रुळापासून पुलापर्यंत जागा गेल्या आठवड्यापेक्षा पंधरा सेंटिमीटरने कमी. त्याने खाली पाहिलं. रुळांखाली कोरी करकरीत खडी. उंच, जड गाडी येणार म्हणून मेहुण्याने चार दिवसांपूर्वी ताजी खडी भरून रूळ पंधरा सेंटिमीटर उचलले होते. तसं रीतसर पत्रही दिलं होतं. पाकिटावरचं अक्षर ओळखून मिलिमीटरने ते न फोडताच खणात सारलं होतं. आणि 'पुलाखालच्या रुळांना हात लावू नये' हे मिलिमीटरचं पत्र मेहुण्याच्या खिशात होतं. तेही न फोडलेलं.

मेहुण्याने खिशावर हात ठेवला.

"तीन वाजता परत येते," मॅडम म्हणाल्या. "गाडी गेली नाही, तर दोघांची बदली."

सांगाडा मागे घेतला गेला. मॅडमची पाठ वळताच मिलिमीटर ड्रायव्हरला म्हणाला, "त्याला सांगा, मी पूल आणखी दहाने उचलतोय. त्याने नुसतं बघत बसावं."

दहा पावलांवर उभा असलेला मेहुणा म्हणाला, "त्यांना सांगा, तीन वाजेपर्यंत त्यांच्याने होणार नाही. मी खडी काढून रूळ पुन्हा पंधराने खाली घेतो."

"अहो, दोघांना ऐकू येतंय की," ड्रायव्हर म्हणाला.

"तुम्ही सांगा," दोघे म्हणाले.

मग मेहुण्याची माणसं बाजूला झाली की मिलिमीटरचे जॅक फिरायचे, आणि जॅक थांबले की मेहुण्याची फावडी चालायची. दुसऱ्याचं काम होईल यावर एकाचाही विश्वास नव्हता. ड्रायव्हर निरोप पोचवून पोचवून घामाघूम झाला.

तीन वाजता गाडी पुलाखालून गेली. सांगाड्यावर एक हडकुळा माणूस आडवा होऊन गेला असता, एवढी जागा. मॅडमनी टेप मागवली, स्वतः मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं.

"मी दहा मागितले होते. हे वीस आहेत."



"एवढ्या वर्षांत पूलवाले आणि रूळवाले एका दिवशी एका जागी काम करताना मी पहिल्यांदा पाहिले," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर एकमेकांची पत्रंसुद्धा वाचत नाहीत लोक. या मार्गावर अजून एकेचाळीस पूल आहेत. सगळे तुम्हा दोघांकडे. खोली एकच देते, टेबलही एकच. तीन वर्षं."

मॅडम गेल्या. रुळांवर मिलिमीटर आणि मेहुणा दोघेच उरले. मिलिमीटरने सवयीने ड्रायव्हरला शोधलं, पण तो गाडी घेऊन केव्हाच पुढे निघून गेला होता.

शेवटी मिलिमीटरच मेहुण्याकडे वळला.

"टेबलाची खिडकीकडची बाजू कोणाची?"