गेणू विरुद्ध सयाजी

राजरत्नला प्रोग्राम दाखवायला न्यायाधीशांनी सोमवारी सकाळी अर्धा तास दिला आणि बोरी बुद्रुकच्या त्याच्या दोन खोल्यांत एकदम धांदल उडाली. २००२ साल होतं. पुण्यात कॉम्प्युटर शिकून आलेल्या राजरत्ननं आणि त्याच्या बायकोनं, प्रज्ञानं, कोर्टाच्या तारखा लावणारा प्रोग्राम केला होता. रोजच्या खटल्यांची यादी, म्हणजे बोर्ड, तेव्हा हातानं लिहीत. ती छापून देण्याचा धंदा काढायचा, पहिलं गिऱ्हाईक तालुक्याचं कोर्ट, असं दोघांनी ठरवलं होतं.

कोर्टाचे खरे खटले बाहेरच्या माणसाला कोण देणार? म्हणून प्रज्ञानं गावातली नावं घातली. पहिलंच होतं, ‘गेणू विरुद्ध सयाजी, विहिरीच्या पाण्याचा वाद.’

“ते दोघं तर एका ताटात जेवतात,” राजरत्न म्हणाला.

“म्हणूनच घातली. भांडणाऱ्यांची घातली तर खरं वाटेल.”

कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपमधून नेला. प्रिंटर करकरला, गुरुवारची यादी बाहेर आली. कोर्टाचं दफ्तर सांभाळणारे नाझर चांगदेवराव चष्मा सावरत म्हणाले, “अक्षर झकास हाय राव!” हुरूप येऊन राजरत्ननं ती बाहेरच्या फळ्यावर टाचून दाखवली. तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा झाला, प्रज्ञानं हाक मारली, राजरत्न आत धावला. कागद फळ्यावरच राहिला.

त्याच दिवशी वारस दाखल्यासाठी आलेल्या गावच्या बयाबाईंनी तो एकेक अक्षर लावत वाचला आणि गावात जाऊन सांगितला.

संध्याकाळी गेणूतात्या राजरत्नच्या दारात उभे. “सयाजीनं माझ्यावर केस केली, तुला ठावं व्हतं?”

“तात्या, ती खोटी यादी आहे. मीच छापलीय.”

“कंप्युटरनं छापल्यालं खोटं कसं आसंल? तू त्याला सामील हायस!”

राजरत्न धावत सयाजीच्या घरी गेला. सयाजी म्हणाला, “मी केस केली न्हाई. पर गेणू तसं म्हंतोय म्हंजे त्याच्या मनात पाप हाय.” दुसऱ्या दिवशी त्यानं दोघांच्या सामाईक विहिरीची मोटार बंद केली. दोघांच्या कांद्याचं पाणी थांबलं, बोलणंही. बुधवारी दोघं वेगवेगळ्या एसटीनं जाऊन वकील ठरवून आले.

गुरुवारी साडेदहालाच दोघं इस्त्रीचे कपडे घालून कोर्टात हजर. दुपार झाली तरी नाव पुकारेनात. शेवटी गेणूतात्याच उठले. “सायेब, आमचा नंबर कवा?”

नाझरांनी बोर्ड वरखाली पाहिला. “असा खटलाच न्हाई, सायेब.”

मागच्या बाकावर प्रज्ञाशेजारी बसलेला राजरत्न उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं. कागद काढायला विसरलो हेही सांगितलं.

न्यायाधीश म्हणाले, “हातानं लिहिलेल्या यादीत अशी चूक कधी झाली नाही. कोर्टाला तुमचा प्रोग्राम नको.” मग थांबून म्हणाले, “मात्र दोन्ही पक्ष वकिलांसह पहिल्याच तारखेला वेळेवर हजर, हेही इथं मी प्रथमच पाहतोय.”

गेणूतात्यांनी सयाजीकडे पाहिलं. “मोटार चालू कर आता. कांदा वाळला.”

“आधी च्या पाज. तुझ्यापायी उपाशी हाय सकाळपासून.”

राजरत्न खाली मान घालून बाहेर आला. पायरीवर गेणूतात्यांच्या वकील ज्योत्स्नाबाईंनी त्याला गाठलं. “माझे अशील खरी तारीख असून येत नाहीत. तुमची माणसं खटला नसताना आली. मला द्या तो प्रोग्राम.”

त्या एका वाक्यावर त्यांचा धंदा सुरू झाला. पुढं पुष्कळ वकील आले; ते दिवस आठवले की राजरत्न आजही एकटाच हसतो. त्या दुपारी मात्र सोमवारपासून कोर्टातच राहिलेला कॉम्प्युटर परत नेताना जीपमध्ये तो चाचरतच म्हणाला, “प्रज्ञा, बाईंना दाखवायला पुन्हा नावं घालावी लागतील. गावातली नकोत. तुझी माझी घालू.”

प्रज्ञानं मांडीवरची गोधडी नीट केली.

“घाला,” ती म्हणाली. “पण वादी मी. माझ्याकडं मुद्दे तयार आहेत.”