सन्माननीय प्रतीक्षार्थी

धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याचे कारकून गणपतराव यांचं एक ठाम मत होतं. माणसाला ताटकळत ठेवायचंच असेल, तर निदान चांगल्या शब्दात ठेवावं! अडुसष्ट साल होतं. जिकडेतिकडे कारभार मराठीत आणायची धूम होती. डॉक्टर कुसुमताईंनी सांगितलं, "ते वेटिंग लिस्ट, पोस्टपोन्ड वगैरे काढा आणि मराठी शब्द लावा."

गणपतरावांना आभाळ ठेंगणं झालं. "बाई, असे शब्द देतो की लोक वाट पाहतानासुद्धा खूश राहतील!"

आणि लोक खरंच खूश झाले. घोटाळा तिथेच झाला.

ज्यांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, ते 'उद्याचे'. तपासणी होऊन बसलेले 'प्रतीक्षाधीन'. राहता राहिले खोकल्यामुळे नाहीतर रक्तातल्या साखरेमुळे मागे ठेवलेले. त्यांना 'स्थगित' म्हणायला गणपतरावांची जीभ रेटेना, कारण ताटकळणं त्यांच्या घरातच होतं. आई सुभद्राबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. दोन वर्षांच्या नातीचं तोंड त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. तिचे गाल चाचपायच्या, हसायच्या आणि मग उगीच गप्प व्हायच्या. गणपतरावांना वाटे, आईचं ऑपरेशन उद्याच व्हावं. पण कुसुमताईंचा नियम कडक. नोकरांच्या घरची माणसं यादी संपल्यावर! आणि अख्ख्या विदर्भातून येणाऱ्या लोकांची यादी तीन वर्षांत एकदाही संपली नव्हती. म्हणून मागे पडलेल्यांना त्यांनी मन लावून नाव दिलं, 'सन्माननीय प्रतीक्षार्थी'.

मोतीबिंदूवाल्यांना फळा वाचता येत नाही. त्यामुळे सकाळी गणपतराव ओट्यावर उभे राहून यादी खणखणीत आवाजात वाचत. सोमवारी त्यांनी सुरुवात केली.

"उद्याचे! देवाजी, मौदा. महादेवराव, नंदनवन..." अशी सहा नावं झाली. मग त्यांनी घसा साफ केला. "सन्माननीय प्रतीक्षार्थी! श्रीयुत धोंडबा, मुक्काम मौदा!"

मग देवाजी काठी आपटत उठले. मौद्याचे बडे कास्तकार, फेट्याशिवाय अंगणातही न उतरणारे. धोंडबा त्यांच्याच वावरात वीस वर्षं राबलेला.

"काहून गा, गणपतराव? माह्या बैलबंड्या हाकणारा सन्माननीय, अन् मी नुसता उद्याचा?"

"देवाजीभाऊ, त्याले खोकला हाये. खोकल्यात ऑपरेशन होत नाही. ती मागची यादी हाये!"

"मागचीच राहणार! लग्नात मोठा माणूस कवा येते? सगळ्यात मागून! आधी येऊन बसते तो वाढपी!"

"पण भाऊ, तुमचा नंबर लागला हाये!"

"नंबर जाऊ दे. मले सन्माननीय करा, नाहीतर मी चाललो मौद्याले!"

धोंडबा बिचारा कासावीस झाला. "मालक, माहा सन्मान तुमी घ्या, मले तुमचा उद्या द्या!" म्हणाला आणि खोकत सुटला.

देवाजींचं म्हणणं महादेवरावांना पटलं. त्यांचं पाहून उरलेल्या चौघांनाही पटलं. एकाला तर आठवलं की आपल्यालाही परवा खोकला आला होता! दुपारपर्यंत 'उद्याचे' या मथळ्याखाली फळा धुतल्यासारखा कोरा. 'प्रतीक्षाधीन' मंडळींना विचारावं, तर त्यांनीही सन्माननीयांच्या ओळीत सतरंज्या सरकवलेल्या!

कुसुमताईंनी फळा पाहिला. "गणपतराव, उद्या मी कोणाचं ऑपरेशन करू? तुमचं?"

"बाई, लोकांना सन्मान..."

"यादीत कोणी म्हणजे कोणीच उरलं नाही?"

गणपतराव चाचरले. "एक आहे बाई. सगळ्यात शेवटी. माझी आई."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"बाई, एवढी अक्कल असती तर तीन वर्षांपूर्वीच केलं नसतं का?"

बाईंना हसू आवरेना. "घेऊन या त्यांना," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा चढला. सुभद्राबाईंनी नातीकडे किती तरी वेळ पाहिलं. "हे तं माह्या मायसारखी दिसते वं!" म्हणत त्या रडायला लागल्या, तसे गणपतरावही रडायला लागले. कोणाचे पाय धरावेत तेच त्यांना कळेना. देवाचे, बाईंचे, की देवाजींचे!

सुभद्राबाईंना ते बरोबर कळलं. "ज्याने जागा सोडली त्याच्याकडं ने मले."

दरम्यान प्रतीक्षाधीन मंडळी कंटाळून आपल्या ओळीत परतली, नवे रोगी आले, त्यांची ऑपरेशनंसुद्धा झाली. ते सहा नवे सन्माननीय मात्र ओट्यावर ठाण मांडून होते, शेजारी खोकणारा धोंडबा. येणाराजाणारा अदबीने रामराम घालत होता, देवाजी मिशांवर ताव देत होते. सुभद्राबाई त्यांच्यासमोर बसल्या आणि त्यांनी हात जोडले.

"देवाजीभाऊ, तुमच्यामुळं मले दिसाले लागलं. नातीचं तोंड पाह्यलं मी. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही."

देवाजी विरघळले. "आमी काय, जागा सोडली फक्त. नीट दिसते ना, बाई?"

"लय चांगलं दिसते! तुमच्या सदऱ्याच्या गुंड्या खालवर लागल्या हायेत, तेही दिसते."

देवाजींचा हात छातीवर गेला. खालची गुंडी वरच्या काजात, वरची भलतीकडेच. एक टोक गळ्याशी, दुसरं पोटावर.

"धोंडबा!" ते गरजले. "कवापासून असा बसलो हाये मी? सांगितलं काहून नाही?"

"मले तरी कुठं दिसते, मालक!"

देवाजींनी चाचपत गुंड्या सारख्या केल्या. मग काठी टेकत गणपतरावांजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गणपतराव, मले उद्याचा करा गा."

त्यांच्यामागे बाकीचे पाच सन्माननीय आपापल्या गुंड्या चाचपत ओळीत उभे होते.