चौगुलेअण्णांचा शुक्रवारचा डबा

चौगुलेअण्णांच्या डब्यात शुक्रवारी दुपारनंतर जेवण नसतं, टेप असते. टेप म्हणजे तळहाताएवढं काळं खोकं. आमच्या मारतहळ्ळीच्या ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची आठवडाभराची नक्कल त्यात मावते. जेवण झालं की अण्णा स्टीलचा डबा घासून कोरडा करतात, टेप मऊ फडक्यात गुंडाळून आत ठेवतात आणि बस बदलत शहराबाहेर देवनहळ्ळीला पोचवतात. उद्या ऑफिसला आग लागली तरी एक नक्कल बाहेर सुखरूप. बसमध्ये कुणी "डबा खाली ठेवा की" म्हटलं, तर त्याच्याकडे असे बघतात की तो मुकाट्याने उठून जागा देतो.

अण्णा मूळचे निपाणीचे. "तीन तरी पायजेत, त्यातलं एक घराबाहेर" हा त्यांचा नियम. चष्मे तीन: एक नाकावर, एक खणात, एक समोरच्या चहावालीकडे. किल्ल्यांचंही तेच. मी पुण्याहून येऊन इथे रुजू झाले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "अक्का, छत्र्या किती हायत?"

यंदा जुनं टेपचं यंत्र थकलं. नवं निवडायचं आणि टेप कुठे, कशा ठेवायच्या त्याची पद्धत लिहायची, हे काम माझ्या गळ्यात पडलं. विक्रेता यंत्र आणि चकचकीत स्लाइड घेऊन आला. अण्णा म्हणाले, "नक्कल घेणं कुणालाबी जमतंय. परत आणून दाखवा." त्याच्याच स्लाइड त्याला टेपवर घ्यायला लावल्या आणि मग लॅपटॉपवरून पुसायला लावल्या. एसीत बिचाऱ्याला घाम फुटला. थोड्या वेळाने स्लाइड जशाच्या तशा परत आल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, "सरी, बरं हाय. हे घ्या."

पद्धतही मी झोकात लिहिली. दर शुक्रवारी गाडी येणार, टेप एका कंपनीच्या तिजोरीत जाणार. अण्णांनी दोनदा वाचलं. "बरोबर हाय," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत. संध्याकाळी मात्र हळूच, "शुक्रवारचं तेवढं स्वल्प बघा की, अक्का." का, ते सांगेनात. मला वाटलं, माणूस हट्टी आहे. देवनहळ्ळीच्या टेप परत आणायच्या म्हणून शेवटच्या शुक्रवारी मीही त्यांच्याबरोबर गेले.

मला वाटलं होतं गोदाम असेल. निघालं घर, राव सरांचं. आमची टेपची खोली त्यांनीच उभी केली, अण्णांना कामावर त्यांनीच घेतलं, मग ते निवृत्त झाले. आता त्यांना फारसं काही आठवत नाही. पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, रजिस्टर उघडून वाट बघत बसले होते. टेपवरचा नंबर ताडून पाहिला, सही केली आणि महिन्याभरापूर्वीची टेप कपाटातून काढून दिली. त्यांची मुलगी मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाली, "बाकीचे सहा दिवस अप्पा विचारतात, माझं ऑफिस कुठे गेलं. शुक्रवारी विचारत नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकीच्या टेप न मागताच आम्ही निघालो. परतीच्या बसमध्ये म्हटलं, "अण्णा, ऑफिसची टेप तिजोरीतच जायला हवी. पण सरांकडे तुम्ही रिकामी नेत जा ना. त्यांना काय कळणार?"

अण्णा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "सरांना फसवायचं? माझ्यानं व्हायचं न्हाई ते."

मग मी भीतभीत सांगितलं की माझ्या मुलीचे जन्मापासूनचे फोटो फक्त माझ्या फोनमध्ये आहेत, आणखी कुठेच नाहीत. अण्णांनी कपाळाला हात लावला. "एकच? आणि तुम्ही आम्हाला पद्धत लिहून देतासा?"

मोडीत निघालेलं जुनं यंत्र साहेबांना विचारून आम्ही ठेवून घेतलं आणि कसंबसं चालवून माझ्या मुलीचे फोटो एका टेपवर घेतले. पुढच्या शुक्रवारी ती टेप घेऊन दोघं गेलो. सरांनी नंबर पाहिला आणि कन्नडमध्ये विचारलं, यात काय आहे? अण्णांनी खरं ते सांगितलं. सरांनी मला मुलीचं नाव विचारलं. मी सांगितलं, ईरा. ते त्यांनी रजिस्टरात सावकाश, ठळक लिहिलं, आणि टेप कपाटात न ठेवता काही वेळ हातातच धरून बसले.

"हे हरवून चालणार नाही, चौगुले," ते म्हणाले. "पण मी आहे."

"होय सर," अण्णा म्हणाले, "म्हणूनच तुमच्याकडं आणलंय."