पुस्तक वाचकाकडे आहे

पुस्तकातलं ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपण भारतीच्या लग्नाला येणार नाही, असं अनुसयाआत्यानं उमरेडहून फोनवर सांगून टाकलं आणि हेमराजभाऊ परात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आत्या नाही म्हणजे उमरेडचं अख्खं गणगोत नाही. मुलीच्या लग्नात निम्मा मांडव रिकामा दिसला, तर व्याह्यांना काय सांगायचं?

मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर हेमराजभाऊंनी उमरेडच्या विणकरांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्यात आत्याच्या सासरी मागावर साडीचा दातेरी नक्षीचा करवती काठ पहिल्यांदा कोणी उतरवला, हेही होतं. आत्या म्हणे मी, तिची जाऊ मनकर्णा म्हणे मी. आता मनकर्णा गावभर सांगत सुटली होती, की पुस्तकात नाव आलंय ते माझंच. हेमराजभाऊंना मात्र आपण कोणाचं नाव घातलं तेच आठवेना. लिहिताना त्यांना दोघींचंही पटलं होतं.

बरं, उघडून बघावं तर पुस्तक कागदावर कधी छापलंच नव्हतं. ज्या संकेतस्थळावर ते चढवलं होतं, ते बंद पडलं होतं. घरच्या कॉम्प्युटरवरची प्रत साखरपुड्याच्या व्हिडिओला जागा हवी म्हणून त्यांनी स्वतःच पुसली होती. प्रकाशित पुस्तकाची एक प्रत कायद्यानं ग्रंथालयात जमा करायची असते, ती मात्र त्यांनी केली होती. सरकारनं कायमचं जपायचं म्हटल्यावर घरात पसारा कशाला, असा त्यांचा हिशोब होता.

तेव्हा आत्याला घेऊन ते नागपूरच्या त्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल मधुकररावांची हयात वाळवी आणि डांबरगोळ्यांत गेली होती, आणि कॉम्प्युटरलाही ते त्याच शिस्तीत वागवत.

"जमा झालेलं पुस्तक इथेच, याच कॉम्प्युटरवर वाचायचं," ते म्हणाले. "घरी न्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. प्रत एक, म्हणून वाचकही एका वेळी एकच."

त्यांनी बटणं दाबली. पडद्यावर अक्षरं आली: पुस्तक वाचकाकडे आहे.

आत्यानं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "कुठी हाये तो वाचक?"

"तो घरी गेला. वाचून झालं की 'परत' दाबायचं असते, त्यानं दाबलं नाही. त्याच्या नावावर उघडंच राहिलं."

"पन पुस्तक तं याच्यातच हाये ना?"

"इथेच आहे."

"मंग तो घरी काय वाचून राहिला?"

मधुकररावांनी पडदा पुन्हा तपासला. "काहीच नाही. पण पुस्तक त्याच्याकडेच आहे."

हेमराजभाऊंच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आपल्या पुस्तकाला वाचक आहे! "कधीपासून हाये त्याच्यापाशी?" त्यांनी हळूच विचारलं.

"मागच्या सोमवारपासून."

"म्हंजे मन लावून वाचून राहिला."

"माही बदनामी मन लावून वाचून राहिला," आत्या म्हणाली, "अन् तुले गोड लागून राहिलं काय गा?"

हेमराजभाऊ भानावर आले. "साहेब, तुम्हीच 'परत' दाबून टाका न."

"वाचकाच्या हातातलं पुस्तक मी हिसकावू? त्याचं नावही मला सांगता येत नाही. निरोप तेवढा पाठवता येते."

"मंग लिहा," हेमराजभाऊ आता तापले, "का तुमच्यासारख्या बेजबाबदार माणसानं ग्रंथालयात पाऊल ठेवू नये."

मधुकररावांनी तो निरोप शब्दशः लिहिला आणि पाठवला. लगेच हेमराजभाऊंच्या खिशात फोन वाजला. त्यांनी निरोप एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. मागच्या सोमवारी आपलं पुस्तक नीट ठेवलंय की नाही हे बघायला ते आले होते. वाचता वाचता स्वतःच रंगून गेले आणि ते पान यायच्या आतच ग्रंथालय बंद व्हायची घंटा झाली, तसे 'परत' न दाबताच उठून घरी गेले. आपण पकडले गेलो याच्यापेक्षा, होता तो एक वाचकही गेला, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

त्यांनी मुकाट्यानं 'परत' दाबलं आणि मधुकररावांनी ते पान काढून दिलं. आत्यानं चष्मा लावला. करवती काठ मनकर्णाबाईंनी उतरवला, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं.

"हे खोडता येते काय?" आत्याचा आवाज बारीक झाला होता.

"काना-मात्राही बदलता येत नाही," मधुकरराव अभिमानानं म्हणाले. "शंभर वर्षांनी कोणी आला, तरी त्याला हेच वाचायला मिळणार."

हेमराजभाऊंना रिकामा मांडव दिसू लागला. "आत्या, चुकलंच माह्यं," ते म्हणाले.

आत्या त्यांच्याकडे बघतही नव्हती. "साहेब, एका टायमाले एकच जन वाचू शकते ना?"

"एकच."

"अन् त्यानं वापस केलंच नाई तं?"

मधुकरराव जरा ओशाळले. "मुदत घालायची राहूनच गेली. ही यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं आहे, त्यांचं उत्तर यायचं आहे."

"मले सभासद करून घ्या."

बाहेरगावच्या सभासदाला नागपुरातला जामीन लागत होता. दोघांनीही हेमराजभाऊंकडे पाहिलं. जगात उरलेली ती एकुलती एक प्रत होती. दोन वर्षं घराघरांत फिरून त्यांनी ती माहिती गोळा केली होती. पण लेकीचं लग्न होतं. त्यांनी सही केली. आत्यानं पुस्तक आपल्या नावावर उघडलं, चष्मा घडी करून पिशवीत टाकला आणि 'परत'ला बोटही न लावता ती उठली.

"हेमराज, हळद कोन्त्या दिवशी हाये गा?"

लग्नाला उमरेडचं गणगोत भरभरून आलं. पंगतीत मनकर्णाबाई आत्याच्या शेजारीच बसल्या होत्या. हेमराजभाऊ वाढायला आले तशा त्या म्हणाल्या, "मी दोनदा जाऊन आली तुह्या पुस्तकापायी. कोनी सोडतच नाई म्हनते. लय चालून राहिलं वाट्टे?"

हेमराजभाऊंनी वरणाची बादली पुढे केली. आत्यानं भातावर वरण ओतून घेतलं.

"वाचू दे न वं बिचाऱ्याले," ती म्हणाली.