रामभाऊंचा पहिला नंबर

रामभाऊ निनाव्यांना बारशाला कोणी बोलवत नसे. ते आपणहून येत. आले की आधी पाळण्यातल्या बाळाचं मनगट दोन बोटांनी चाचपत. चरबीची वळी लागली नाही तर खूश होऊन पेढा उचलत. खोल वळी लागली, तर मयतीला आल्यासारखा चेहरा करून बाळाच्या बापाला बाजूला घेत आणि म्हणत, "मीटर बसून गेलं, भाऊ. आता हे जन्मभर फिरणार."

ते विजेच्या ऑफिसात मीटर तपासायचे, म्हणून ही भाषा. प्रतापनगरात तेव्हा नवे ले-आउट पडत होते. मोकळ्या प्लॉटांवर गाई चरत, आणि आमच्या ओळीत कुठे ना कुठे पाळणा हलतच असे, त्यामुळे रामभाऊंना सवड म्हणून नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की आईच्या पोटात आणि नंतरच्या वर्ष-दोन वर्षांत अंगाला जी सवय लागते ती सुटत नाही. किडकिडीत जन्मलेल्या पोराला तर घाईघाईने मुळीच फुगवू नये. आईचं दूध पाजा, मग वरणभात भरवा, आणि त्याने तोंड फिरवलं की चमचा खाली ठेवा. हे सगळं ते सांगत, ते तर्रीपोह्याची दुसरी बशी हातात धरून. आमच्या वेताच्या खुर्चीत ते बसले, की उठताना खुर्चीही सोबत उठे. त्यावर कोणी हसलं तर रागवत नसत. "माह्यी केस हातची गेलेली आहे. मी नमुना म्हणून फिरून राहिलो," म्हणत.

आमची मुलगी जन्मली तीच मुळात काडीसारखी. सासूबाई अमरावतीहून तूप, डिंक आणि दुधाच्या पावडरचा डबा घेऊन आल्या. डब्यावर एक लठ्ठ, गोरं बाळ हसत होतं. रामभाऊंनी आल्या आल्या ते बाळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं. सासूबाईंनी ते परत वळवलं. सव्वा महिना हेच चाललं. शेवटी सासूबाई मला म्हणाल्या, "त्या माणसाले सांगा. स्वतः दारातून आडवा होऊन निघते, अन् माह्या नातीले उपाशी मारून राहिला." असं म्हणून त्यांनी बाटलीतली साखर वाढवली. वर्षभरात पोरीच्या मनगटालाच काय, मानेलाही वळ्या पडल्या.

रामभाऊंना हे वेड कुठून लागलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तेच सांगत. तान्हे असताना गिरणीच्या वस्तीतल्या सुदृढ बालक स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला होता. पितळेचा कपही मिळाला होता. पुढे शाळेत पोरं त्यांना 'पहिला नंबर' म्हणूनच हाक मारत, आणि तो अभ्यासातला नव्हता. आट्यापाट्यांत त्यांना कोणी घेत नसे. तिशी उलटायच्या आत डायबेटिस निघाला. डॉक्टरांनी लहानपणचं खाणंपिणं विचारलं, कपाची हकिगत ऐकली आणि 'सुरुवात तिथंच झाली' म्हणून मान हलवली. तेव्हापासून रामभाऊ दारोदार मनगटं तपासू लागले.

पुढे आमच्या महिला मंडळाने स्वतःच सुदृढ बालक स्पर्धा ठरवली. परीक्षक शोधायला लांब जावं लागलं नाही. जुना विजेता गल्लीतच होता. रामभाऊंनी चटकन होकार दिला. मला एकट्याला त्यांनी बेत सांगितला: वळी नसलेलं, चपळ, रांगतं पोर निवडायचं, आणि मग या गुटगुटीतपणाची सगळ्यांदेखत हजामत करायची. भाषण पाठ झालं होतं.

मंडळानेही त्यांना न सांगता एक गोष्ट केली होती. इतवारीत धाकट्या मुलाकडे राहणाऱ्या त्यांच्या आईला पाहुणी म्हणून आणलं होतं. एवढीशी वाळकी म्हातारी, लुगड्याचा पदर सावरत पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर तो कप होता, चिंचेने घासून लखलखीत केलेला.

रामभाऊ बोलायला उभे राहिले. आईकडे नजर गेली आणि ते थांबले. तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी म्हातारीलाच विचारलं, की यांना लहानपणी खाऊ तरी काय घालत होता? म्हातारीने सगळं सांगितलं. खवा, तूप-गूळ, साखर घालून आटवलेलं दूध, आणि झोपला असला तर उठवून. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रामभाऊंना याहून चांगला पुरावा मिळणार नव्हता. ते फक्त एवढंच बोलले, "माह्या मायनं लय मेहनत केली." मग त्यांनी सगळ्यात लठ्ठ पोराला पहिला नंबर दिला. ते पोर आमचं होतं. बक्षीस घेताना सासूबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला.

कार्यक्रम संपल्यावर म्हातारीने पिशवीतून रव्याचे लाडू काढले. "खाय ना बाप्पा. किती वाळून गेला तू." रामभाऊंनी लाडू खाल्ला. तिने दुसरा दिला, तोही खाल्ला. मग तिला सायकलरिक्षात नीट बसवून दिलं आणि रिक्षा वळेपर्यंत उभे राहिले.

मी म्हटलं, तुमचं भाषण राहूनच गेलं.

"माह्या आधी दोघं झाले होते, मास्तर," ते म्हणाले. "दोघंही वाळलेले. राह्यले नाही. मीही तसाच निघालो. लोकं म्हणे, हेही जाते. तिनं उठवून उठवून पाजलं. आता चार लोकांत तिले कसं सांगू, का तुनं मले जगवलं ते चुकलं?"

ते समोरच्या मैदानाकडे वळले. "लाडवाचं काहीतरी करा लागते," म्हणाले आणि कडेकडेने चालू लागले. धाप लागली होती, तरी थांबत नव्हते. दिवेलागण झाली तशी मीही त्यांच्या सोबत चालायला लागलो. मध्येच एकदा त्यांनी ओठाच्या कोपऱ्याला राहिलेला रवा जिभेने टिपला, आणि पुन्हा चालू लागले.